हिवाळी राइडला तेच चाक पुन्हा पुन्हा पंक्चर होतंय? नवी ट्यूब टाकण्याआधी हे तपासा

डिसेंबर-जानेवारीत धुळे, जळगाव, नंदुरबारकडच्या माउंटन बाइक ग्रुपांत ही तक्रार हमखास ऐकू येते. पहाटे अंधारात सगळे जमतात, पहिले आठ-दहा किलोमीटर झकास जातात, मग कुणाचं तरी मागचं चाक बसतं. दहा मिनिटांत नवी ट्यूब टाकून होते, सगळे पुन्हा निघतात. अर्ध्या तासात तेच चाक परत बसतं. तिसऱ्या वेळेपर्यंत जवळच्या ट्यूब संपलेल्या असतात, घामाने भिजलेले कपडे अंगावर गार पडलेले असतात आणि निम्मा ग्रुप पुढे निघून गेलेला असतो. राइड तिथेच मोडते.

याचं खापर सातपुड्याच्या काट्यांवर फुटतं, नाहीतर थंडीवर. काटे आहेत, थंडीही आहे. पण एकाच सकाळी, एकाच चाकाला, तीन वेगवेगळे काटे नेमके लागावेत असं फार क्वचित घडतं. माझं मत याबाबतीत ठाम आहे: दुसरं पंक्चर हे बहुतेक वेळा पहिलंच पंक्चर असतं. ट्यूब बदलली जाते आणि पंक्चरचं कारण चाकात तसंच राहतं. ते कारण रस्त्याच्या कडेला, गार पडलेल्या बोटांनी, पाच-सात मिनिटांत कसं शोधायचं, यासाठी हे सगळं लिहितोय.

भोक कुठं आहे, त्यावरून कारण कळतं

ट्यूब काढली की ती गुंडाळून बॅगेत टाकायची घाई करू नका. सगळी माहिती त्या ट्यूबवरच असते. आधी घरी एक सवय लावून घ्या: टायर चढवताना त्यावरचं कंपनीचं नाव बरोबर व्हॉल्वच्या समोर येईल असं बसवा. मग पंक्चर झाल्यावर ट्यूबचं भोक व्हॉल्वपासून किती अंतरावर आहे ते पाहिलं, की टायरवर आणि रिमवर नेमकी जागा सापडते. ट्यूब कोणत्या बाजूने आत होती हे विसरलात तर व्हॉल्वच्या दोन्ही अंगांना तेवढ्याच अंतरावर शोधा, दोनच जागा तपासाव्या लागतात. अख्खा टायर चाचपत बसण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

आता भोक बघा. ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे टायरच्या बाजूला, एकच बारीक टोचा असेल तर तो काटा. टायर आतून तपासल्याशिवाय दुसरी ट्यूब टाकूच नका.

शेजारी-शेजारी दोन छोट्या चिरा असतील, सापाने दात लावावेत तशा, तर काट्याचा काही संबंध नाही. चाक दगडावर आपटलं, टायर दबून ट्यूब दगड आणि रिमच्या दोन कडांमध्ये चिमटली आणि दोन्हीकडून कापली गेली. याला सगळीकडे स्नेकबाइट म्हणतात. कारण एकच, हवा कमी. अशा वेळी अर्धा तास काटा शोधलात तरी सापडणार नाही, आणि नव्या ट्यूबमध्ये पुन्हा तेवढीच हवा भरलीत तर पुढच्या दगडावर तीही जाईल.

भोक आतल्या अंगाला, रिमच्या बाजूला असेल, तर रिमटेप बघा. स्वस्त सायकलींना रबराची पातळ पट्टी असते. ती उन्हाळ्याच्या उष्णतेत सैल पडते, सरकते, आणि स्पोकच्या निपलांची भोकं उघडी पडतात. ट्यूब त्या भोकाच्या कडेवर घासत राहते. या पंक्चरची खूण अशी की ट्यूब बदलल्यावर थोडा वेळ सगळं ठीक चालतं आणि मग पुन्हा त्याच जागी, आतूनच, हवा जाते. रस्त्यात तात्पुरता उपाय म्हणजे पट्टी ओढून जागेवर आणायची आणि उघड्या भोकावर इन्सुलेशन टेपचे दोन वेढे द्यायचे. घरी आल्यावर कापडी किंवा चांगली प्लॅस्टिकची रिमटेप बसवून घ्या. तिचा खर्च एका ट्यूबपेक्षा कमी येतो.

व्हॉल्वच्या मुळाशीच फाटलं असेल तर दोन शक्यता. एक तर हवा इतकी कमी होती की ब्रेक लावताना टायर रिमवर सरकला आणि ट्यूबला ओढून घेऊन गेला. किंवा मोटारसायकलसारख्या जाड व्हॉल्वसाठी पाडलेल्या भोकात बारीक प्रेस्टा व्हॉल्वची ट्यूब घातली आहे आणि ती हलून हलून मुळाशी कापली जाते. दुसऱ्या प्रकाराला छोटी रबरी किंवा धातूची चकती मिळते, ती घाला, नाहीतर भोकाला जुळणारी ट्यूब आणा. मुळाशी फाटलेल्या ट्यूबला पॅच बसत नाही. तिच्यावर वेळ घालवू नका.

राहिली कडेला पडलेली आडवी चीर. ती टायर चढवताना लिव्हरमध्ये, म्हणजे टायर चढवायच्या पट्टीत, ट्यूब सापडल्याची असते. थंडीत हे जास्त होतं, कारण बोटं बधिर झालेली असतात आणि हाताने चढणारा टायरही माणूस लिव्हरने ढकलतो. नव्या ट्यूबमध्ये आधी थोडी, तिला नुसता गोल आकार येण्यापुरती हवा भरा आणि मगच टायरात सरकवा. शेवटचा वीतभर भाग दोन्ही अंगठ्यांनी चढवा. अंगठे चालत नसतील तर आधी हात काखेत धरून गरम करा. तेवढा वेळ ग्रुप थांबतो.

काटा टायरातच असतो

शिरपूरकडे बोराडीच्या रस्त्यावर पंक्चर काढणारे एक आप्पा आहेत. त्यांच्याकडे कुणी नवी ट्यूब घेऊन चाक पुन्हा बसलं म्हणून आलं, की ते ट्यूबकडे बघतही नाहीत. टायर उलटा करून मांडीवर घेतात आणि म्हणतात, "भो, काटा टायरमाच शे." आणि बहुतेक वेळा तो असतोच.

त्यांची पद्धत मी जशी पाहिली तशी सांगतो. ते टायरच्या आतून नुसतं बोट फिरवत नाहीत. कापसाचं एक बोंड मोकळं करून त्याचा पुंजका आतल्या अंगावर हलक्या हाताने, दाब न देता, गोल फिरवतात. जिथं काट्याचं टोक केसभरही वर आलेलं असतं तिथं कापसाचा धागा अडकतो आणि पांढरा तंतू मागे राहतो. बोटाला न लागणारं टोक कापसाला लागतं, आणि बोटही रक्तबंबाळ होत नाही. पुंजका एकदा उजवीकडून आणि एकदा डावीकडून फिरवायचा, कारण तिरकं घुसलेलं टोक एकाच दिशेने अडकतं. हिवाळ्यात आपल्याकडे शेताच्या वाटेवर काट्याकुट्यांना लटकलेला कापूस शोधायला लागत नाही. तरी एक पुंजका पंक्चरच्या किटमध्येच ठेवा, पाऊच कोरडा राहील अशा जागी.

टोक सापडलं की ते आतून ढकलून बाहेर काढायचं आणि बाहेरून चिमट्याने ओढायचं. इथं वेड्या बाभळीचा काटा फसवतो. तो कडक असतो आणि मोडतो. बाहेरचा भाग हातात येतो, आपल्याला वाटतं निघाला, आणि दोन-तीन मिलिमीटरचं टोक रबरात तसंच राहतं. टायर सैल असताना ते दिसत नाही. हवा भरून माणूस बसला की टायर दबतो आणि टोक आत येतं. म्हणूनच चाक उभं असताना हवा टिकते आणि चालवायला लागलं की जाते. मोडलेला तुकडा काढायला बारीक टोकाचा चिमटा किंवा जाड सुई लागते. नेलकटरनेही जमतं. यातलं एक काहीतरी ग्रुपमध्ये असायलाच हवं, आणि ते नेमकं कुणाकडे आहे हे सगळ्यांना माहीत हवं.

साध्या बाभळीचा पांढरा लांब काटा त्या मानाने सरळ वागतो. दिसतो, आणि सहसा अख्खा निघतो. हिवराचा तसाच. बोरीचा काटा आखूड आणि वाकडा, तो टायरच्या पातळ कडेत घुसतो. सराटा सगळ्यात वाईट, कारण तो दिसत नाही. पावसाळ्यात हिरवा असलेला वेल हिवाळ्यात वाळतो, फळं सुटी होऊन धुळीत पडतात, आणि कशीही पडली तरी एक टोक वर राहतंच. सराट्याच्या पट्ट्यातून गेलेल्या टायरात एक भोक सापडलं म्हणून थांबू नका. तिथं पाच-सहा असू शकतात. एक काढून बाकीचे ठेवले तर ट्यूब दहा मिनिटंही टिकणार नाही.

हिवाळ्यातच हे जास्त का होतं

शेतीचं वेळापत्रक बघितलं की कळतं. खरीप निघालेला असतो, शेतं मोकळी होतात, आणि हरभरा-गव्हाला जनावरं लागू नयेत म्हणून बांधावर बोरीच्या, बाभळीच्या काट्या टाकल्या जातात. गाडवाटेच्या तोंडावरही आडवी काटी पडते. ती ओढून बाजूला करताना काटे वाटेवर सांडतात, आणि पुढे गेलेल्या सायकलच्या मागे दहा सायकली त्याच जागेवरून जातात. काटी सरकवायची तर उचलून सरकवा, आणि सगळे गेल्यावर शेवटच्याने ती होती तशी परत ठेवा. शेत शेतकऱ्याचं आहे, आपण वाटसरू.

दुसरं, याच दिवसांत ठेलारी मेंढपाळांचे कळप मोकळ्या रानात उतरतात. पाल्यासाठी बाभळीच्या फांद्या छाटल्या जातात. मेंढ्या पाला खातात, काटे वाटेवर राहतात. वाटेत ताज्या छाटलेल्या फांद्या आणि लेंड्या दिसल्या की तिथून पन्नास-शंभर पावलं सायकल खांद्यावर घेऊन चाला. कंटाळा येतो, पण नंतरचा अर्धा तास वाचतो.

तिसरं कारण पऱ्हाटी. कपाशी निघाली की पऱ्हाट्या तोडतात, आणि तिरकं तुटलेले खुंट जमिनीतून वीतभर वर राहतात. त्यांच्यामुळे पंक्चर होतंच, टायरची कडही फाटते. शेतातून शॉर्टकट मारायचा मोह त्या महिन्यांत टाळा. कड फाटलीच, तर आतून जुन्या ट्यूबचा किंवा बिस्किटाच्या पुड्याच्या कागदाचा चौकोनी तुकडा दुहेरी घडी करून फाटलेल्या जागी ठेवा आणि हवा नेहमीपेक्षा कमी भरा. नाहीतर ट्यूब फटीतून फुग्यासारखी बाहेर येऊन फुटते.

गाडवाटेवर चालवताना चाकोरीत राहा. बैलगाडीच्या, ट्रॅक्टरच्या चाकाने तिथले काटे चिरडलेले किंवा बाजूला गेलेले असतात. दोन चाकोऱ्यांच्या मधल्या गवताच्या पट्ट्यात सराटा लपतो. काळ्या मातीत पावसाळ्यात पडलेल्या चाकोऱ्या हिवाळ्यात वाळून दगडासारख्या होतात, त्यातून वळताना पुढचं चाक अडकतं, हे खरं. तरी मी चाकोरीच निवडतो.

थंडीने हवा कमी होते म्हणजे किती होते

"थंडीने हवा उतरली" हे वाक्य प्रत्येक राइडला ऐकू येतं, म्हणून हिशोब मांडतो. समजा घरात 25 अंश तापमान आहे आणि तुम्ही रात्री टायरात 28 पीएसआय हवा भरली. पहाटे उघड्यावर 5 अंश झाले. हवा कुठेही गळली नाही तरी दाब साधारण 3 पीएसआयने उतरतो आणि 25 च्या आसपास येतो. गार हवेचा दाब कमी, यापलीकडे यात काही नाही.

आता तोरणमाळसारख्या ठिकाणी चढलात तर उलटही घडतं. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून साधारण 1150 मीटरवर, धुळे-जळगाव अडीचशे मीटरच्या आत. वर बाहेरची हवा विरळ असते, त्यामुळे टायरातला दाब गेजवर दीडेक पीएसआयने जास्त दिसतो. म्हणजे थंडीने काढून घेतलेलं निम्मं उंची परत देते. ट्रेलवर पोहोचल्यावर टायर 15 पीएसआयवर आला असेल तर ती थंडी नाही. ती गळती आहे, आणि वर सांगितल्याप्रमाणे शोधावी लागेल.

तरीही 3 पीएसआय हा फरक लहान नाही. 28 च्या जागी 25 वर सातपुड्याच्या पायथ्याच्या काळ्या दगडात ट्यूब चिमटली जाते. म्हणून हवा घरी भरून समाधान मानू नका. जिथून राइड सुरू होते तिथं, पहाटेच्या थंडीतच, गेज लावून पुन्हा बघा. दर वेळी एकच गेज वापरा. दोन पंपांचे काटे सहज तीन-चार पीएसआयने वेगळं दाखवतात, आणि तेवढ्यावरच सगळा खेळ आहे. ट्यूब असलेला सव्वादोन इंची टायर आणि सत्तर-पंचाहत्तर किलोचा माणूस असेल तर मी मागे 32 ते 35 आणि पुढे 28 ते 30 भरायला सांगतो. वजन जास्त तर दोन-तीन वाढवा.

बर्फातल्या राइडचे व्हिडिओ बघून हवा उतरवणारे

गेल्या काही हिवाळ्यांपासून एक नवं कारण यात आलंय. बर्फावर जाड चाकांच्या सायकली चालवतानाचे व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर येतात. त्यात चालवणारे टायरची हवा उतरवतात आणि मऊ बर्फावरून सहज जातात. ते बघून आपल्याकडचे काहीजण हिवाळी राइड म्हटली की हवा कमी करतात.

बर्फावर ते बरोबर आहे. तिथं चार ते पाच इंच रुंद टायर असतो, दाब 10 पीएसआयच्या खाली ठेवतात, कारण टायर पसरून बर्फावर तरंगला पाहिजे. खाली मऊ बर्फ असतो, रिमवर आपटेल असा दगड वर नसतो. चाकाखाली बर्फ दबून घट्ट झालेली अरुंद पायवाट असेल तर दाब थोडा वाढवतात, ताजा भुसभुशीत बर्फ पडला की आणखी उतरवतात. एकाच राइडमध्ये थांबून थांबून हे करतात. आपल्याकडे चार इंची टायरच्या सायकली आता बऱ्याच जणांनी घेतल्यात, पण खाली बर्फ नाही, टोकदार खडी आणि काटे आहेत. 8 पीएसआयवर ती सायकल लळिंगच्या उतारावर नेली तर मागची रिम पहिल्याच मोठ्या दगडावर वाकू शकते. चार इंची टायरलाही आपल्या वाटांवर मी 12 ते 15 च्या खाली जाऊ देत नाही.

आपल्याकडे बर्फाच्या सगळ्यात जवळचं जे असतं ते अक्कलकुवा तालुक्यात, डाब आणि वालंब्याच्या पट्ट्यात. कडाक्याच्या थंडीत तिथं पहाटे दव गोठतं. गवतावर, चाऱ्याच्या गंजीवर, गाडीच्या टपावर पांढरा थर येतो. मोलगीकडून वर जाणाऱ्या ग्रुपला तो बघायचा असतो, आणि बघावाच, त्यासारखं आपल्या मुलखात दुसरं काही नाही. पण त्या थरावर सायकल चालवायला हवा उतरवून काहीही फायदा होत नाही. थर इतका पातळ असतो की टायर थेट खालच्या दगडाला किंवा पाल्याला लागतो. घसरतं ते ओल्या दगडावर आणि सागाच्या ओल्या पानांवर. आणि त्या पांढऱ्या गवतात काटे अजिबात दिसत नाहीत. मी तिथं ग्रुपला एकच सांगतो: पायी फिरा, फोटो काढा, चहा घ्या, आणि सूर्य डोंगराच्या वर आल्यावर, थर वितळून दगड सुकायला लागले की निघा. तास-दीड तासाचा फरक पडतो.

थंडीत पॅच का सुटतो

काटा काढला, भोक सापडलं, पॅच लावला, आणि अर्ध्या तासात पॅचच्या कडेने हवा. यात दोष बहुधा घाईचा असतो. सोल्यूशन लावल्यावर ते सुकलं पाहिजे, बोट लावलं तर चिकट लागावं पण बोटाला येऊ नये. दुपारच्या उन्हात ते दोन-तीन मिनिटांत होतं. पहाटे आठ अंशांत त्याला दुपटीपेक्षा जास्त वेळ लागतो. ट्यूबवर दव असेल तर पॅच धरतच नाही. आधी कोरड्या कापडाने पुसा, काचपेपरने घासून चकाकी घालवा, पुन्हा पुसा, मग पातळ थर लावा. जाड थर लावला की लवकर चिकटेल असं वाटतं, प्रत्यक्षात तो आतून ओलाच राहतो. सोल्यूशनची नळी सॅडल बॅगेत न ठेवता जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा, गरम राहिली तर काम सोपं होतं. सोल्यूशनशिवाय चिकटणारे तयार पॅच थंड, दमट ट्यूबवर मला भरवशाचे वाटत नाहीत. ते उन्हात वापरा.

रस्त्यात पाणी नसेल आणि भोक सापडत नसेल तर ट्यूबमध्ये भरपूर हवा भरून ती वरच्या ओठाजवळून, ओठ ओला करून, हळूहळू फिरवा. कानाला न ऐकू येणारी झुळूक ओल्या ओठाला गार लागते. संशय आला की तिथं थुंकी लावा, बुडबुडा येतो.

खरं तर पहाटेच्या थंडीत रस्त्यावर पॅच लावूच नये. काटा शोधा, नवी ट्यूब टाका, निघा. जुन्या ट्यूबला नऊ-दहाच्या उन्हात, चहाच्या थांब्यावर पॅच लावा. पंप लहान असेल तर दीड-दोनशे झटके मारावे लागतात, ते आळीपाळीने मारा. सीओटूचं नळकांडं असेल तर ते हातमोज्यातच धरा, सुटताना इतकं गार होतं की कातडी चिकटते. 16 ग्रॅमचं एक नळकांडं 29 इंची टायरला जेमतेम पुरतं. आणि ही हवा रबरातून लवकर निसटते, म्हणून घरी आल्यावर काढून साध्या पंपाने भरा.

सीलंट सुकलेलं असतं

ट्यूबलेस केलेल्यांना, म्हणजे ट्यूब काढून टायरात भोक बुजवणारं द्रव (सीलंट) भरणाऱ्यांना, वाटतं आपण यातून सुटलो. उन्हाळ्यापर्यंत ते खरंही असतं. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 44-45 वर जातो, सायकल पत्र्याच्या छपराखाली उभी असते, आणि आतलं लॅटेक्सचं सीलंट सुकून रबराच्या पापुद्र्यासारखं होतं. मार्चमध्ये भरलेल्या सीलंटवर डिसेंबरची राइड काढायची आणि काटा लागल्यावर ते चालत नाही म्हणायचं, हे बरोबर नाही. चाक कानाजवळ धरून हलवा. डुचमळल्याचा आवाज आला तर आत ओलावा आहे. आला नाही तर हिवाळ्याच्या पहिल्या राइडच्या आधी टायर उघडा, पापुद्रे काढा, नवं भरा. 29 इंची टायरला 90 ते 120 मिली पुरतं. त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी वर थोडं घाला.

ट्यूबलेस टायरात काटा दिसला आणि हवा जात नसेल तर तो ट्रेलवर उपटू नका, घरापर्यंत राहू द्या. ट्यूबवाल्याने मात्र लगेच काढावा, प्रत्येक फेऱ्याला तो खोल जातो.

आठवड्यातून एकदाच चालवणाऱ्याला, आणि जवळ ट्यूबलेसचं काम करणारं दुकान नसणाऱ्याला, मी ट्यूबमध्येच सीलंट घालायला सांगतो. त्यासाठी व्हॉल्वचा गाभा फिरवून निघणारी ट्यूब लागते, घेताना बघून घ्या. काट्याला हे चांगलं चालतं. स्नेकबाइटला चालत नाही, चिरा मोठ्या असतात. टायर आणि ट्यूबच्या मध्ये घालायच्या जाड पट्ट्याही मिळतात. सराट्याला त्या अडवतात, पण पट्टीची कापलेली टोकं घासून ट्यूबला भोक पाडतात. पट्टीच्या टोकांवर जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवला की ते थांबतं.

ग्रुपने काय करायचं

पंक्चर एकाचं होतं आणि त्याची थंडी सगळ्यांना लागते. घाम आलेल्या अंगाने पंधरा मिनिटं सावलीत उभं राहिलं की पुढचा चढ जड जातो. म्हणून पंक्चर झालं की दोघे तिथं थांबतील, एक काम करेल आणि दुसरा हातात वस्तू देईल. बाकीचे पुढच्या उन्हाच्या जागेपर्यंत, हाकेच्या अंतरात, जाऊन थांबतील. सगळ्यांनी भोवती उभं राहून सल्ले देण्याने काम लवकर होत नाही. सगळ्यात शेवटी चालणारा गडी ग्रुपमधला सर्वात जाणकार हवा, आणि मोठा पंप त्याच्याकडे हवा. आपल्याकडे उलटं होतं, जाणकार सगळ्यात पुढे असतो आणि मोबाइलला रेंज नसते. सातपुड्यात ती नसतेच असं धरून चाला. दर फाट्यावर पुढच्याने थांबायचं, शेवटचा दिसल्याशिवाय निघायचं नाही.

निघण्याआधी चाकांची मापं विचारून घ्या. 26, 27.5 आणि 29, तिन्ही एका ग्रुपमध्ये असतात. अडचणीत 27.5 ची ट्यूब 29 ला ताणून चालते, पण 29 ची 26 मध्ये घातली तर घडी पडते आणि घडीवर फाटते. प्रेस्टा व्हॉल्ववाल्यांनी पितळी अडॅप्टर खिशात ठेवावा. गावातल्या पंक्चरवाल्याकडे मोटारसायकलचा नोझल असतो, अडॅप्टरशिवाय तो काही करू शकत नाही. आणि अडॅप्टर असला तरी कॉम्प्रेसरने भरताना एका झटक्यात भरू देऊ नका. सायकलच्या टायरात हवा थोडी लागते, दोन सेकंदांत टायर रिमवरून उडतो. दादांना सांगा, थोडं थोडं.

यावल अभयारण्यात किंवा पाटणादेवीकडे गौताळ्याच्या हद्दीत जाणार असाल तर वन विभागाची परवानगी आधी घ्या, आणि बाहेर पडायची वेळ किती ते नीट विचारा. तीन पंक्चर झालेला ग्रुप दुपारच्या भरीत-कळण्याच्या भाकरीला उशिरा पोहोचला तर चालतं, हद्दीत अंधार होऊन चालत नाही. म्हणून राइडच्या आधीच ठरवा की अमुक वाजेपर्यंत अमुक ठिकाणी पोहोचलो नाही तर तिथून मागे फिरायचं, आणि ती वेळ सगळ्यांना सांगा.

एवढं सगळं करूनही चाक बसतंच असेल

काटा नाही, चिरा नाहीत, रिमटेप नीट आहे, तरी रात्री भरलेली हवा सकाळी निम्मी? मग व्हॉल्व बघा. हवा भरून व्हॉल्वच्या टोकाला साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर गाभा घट्ट करा, धुळीने भरला असेल तर बदला. काळ्या मातीची बारीक धूळ प्रेस्टाच्या टोकात सहज बसते, म्हणून टोपी लावत जा. व्हॉल्व ठीक असेल तर ट्यूब बाहेर काढा, मोठी दिसेल इतकी हवा भरा आणि बादलीत टप्प्याटप्प्याने बुडवून प्रत्येक भाग मिनिटभर पाण्याखाली धरा. केसाएवढ्या भोकातून बुडबुडा लगेच येत नाही, दहा-पंधरा सेकंद लागतात. जुन्या पॅचची कड त्यात नीट बघा. तिथंही काही सापडलं नाही तर तीच ट्यूब हवा भरून, चाकाबाहेर, रात्रभर खिळ्याला टांगून ठेवा. सकाळी ती तशीच फुगलेली असेल तर ट्यूब निर्दोष आहे, आणि टायर पुन्हा एकदा उलटा करून भर उन्हात, कापूस घेऊन बसावं लागेल.